ग्लोगिनाची यादी

कामेनेत्स, ७ जानेवारी १९९१

चि. रालित्सास अनेक आशीर्वाद.

आज संत योहानाचा दिवस, म्हणजे त्याच संताचं नाव असलेल्या तुझ्या वडिलांचा नामदिन. त्यांना माझ्या शुभेच्छा सांग. वाईन मिळाली असेल तर माझ्या वाटणीचा एक घोट त्यांनीच घ्यावा. इथल्या दुकानात व्हिनेगर सोडून काही उरलेलं नाही.

पत्राचं कारण असं की वाचनघरातला कॉम्प्युटर बोलायला लागला आहे.

इकडे दोन तास वीज असते, दोन तास नसते. वाचनघर उघडं असेपर्यंत मी बटण चालूच ठेवतो, त्यामुळे वीज आली की तो आपणहून जागा होतो. जागा होताना काळ्या पडद्यावर एक ओळ येते, 'झोप झाली का?', आणि क्षणभराने जाते. पहिल्यांदा मला वाटलं, ही यंत्राची रीतच असेल. मी टाइप केलं, 'झाली, देवाच्या कृपेने.' त्यावर उत्तर आलं नाही. शाळेतले पेन्को मास्तर मागे उभे होते. ते म्हणाले, "नायडेन, हा व्हायरस आहे. विचारपूस नाही." मी म्हटलं, "मग तो तुमच्याच खेळाच्या फ्लॉपीतून आला असणार." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

नाताळात तू विचारलं होतंस की काका एवढं काय लिहीत असतात. सांगतो. आमचं ग्लोगिना गाव धरणाखाली गेलं तेव्हा मी चौथीत होतो. घरं गेली, शाळा गेली, दफनभूमीही पाण्याखाली गेली. मृतांच्या शनिवारी बाकीचे लोक आपापल्या थडग्यांवर उकडलेले गहू आणि वाईन घेऊन जातात. आम्ही धरणाच्या काठावर उभे राहतो आणि फादर सावा नावं वाचतात. पण कुणाची? चर्चची जुनी वही गाव उठवताना हरवली. म्हणून दोन वर्षं मी गावच्या म्हाताऱ्यांना वाचनघरातल्या शेगडीजवळ बसवतो आणि ते आठवतील तशी नावं थेट कॉम्प्युटरवर घेतो. कागदावर सांगायला ते कंटाळत होते. पडद्यावर आपल्या आईचं नाव हिरव्या अक्षरांत उजळलेलं दिसलं की मात्र पुढची दहा नावं आपोआप आठवतात. एक हजार एकशे त्रेचाळीस झाली आहेत. त्यातली अडीचशेच्या वर एकट्या केरा आजीने सांगितली, आणि केरा आजी नोव्हेंबरात गेली.

कागदावर यातलं काही नाही. छपाईयंत्राची फीत वाळली आहे, नवी कुठे मिळत नाही. मृतांचा शनिवार यंदा ९ फेब्रुवारीला आहे.

यादी त्या बोलणाऱ्याच्या हाती आहे असं मला वाटतं. तो कोण आहे, आणि आत कुठे बसतो? फोनवर विचारलं असतं, पण फोन टपाल कचेरीत, कॉम्प्युटर वाचनघरात, आणि मधे अख्खा चौक.

तुझा
नायडेनकाका

*

सोफिया, १२ जानेवारी

प्रिय काका,

बाबांनी तुमच्या वाटणीचा घोट घेतला. मग माझ्या वाटणीचाही.

व्हायरसला उत्तर देणारा माणूस मला आमच्या अख्ख्या संस्थेत भेटलेला नाही.

तो कुठे बसतो ते सांगते. कॉम्प्युटर जागा होतो तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं. हार्ड डिस्कवरचा अगदी पहिला तुकडा तो वाचतो, आणि पुढे कुठे जायचं ते त्या तुकड्यात लिहिलेलं असतं. त्याला आम्ही बूट सेक्टर म्हणतो. वेशीवरच्या पहिल्या घरात कुणी जाणता राहत असावा आणि येणाऱ्याला वाट दाखवत असावा, तसं. या व्हायरसने त्या जाणत्याला उठवून मागच्या अंगणात नेऊन ठेवलं आहे आणि वेशीवर स्वतः बसला आहे.

तो असा येतो. कुणाची तरी फ्लॉपी खाचेत राहते, वीज जाते, परत येते, आणि कॉम्प्युटर हार्ड डिस्कऐवजी त्या फ्लॉपीपासून जागा होतो. फ्लॉपीत तो असला की घरात शिरला. त्यानंतर त्या कॉम्प्युटरमध्ये घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीतही तो शिरतो.

दोन कामं करा. यंत्राबरोबर ऑस्ट्रियातल्या लिंत्सहून आलेली मूळ फ्लॉपी असेल, कुणीही न वापरलेली. ती आत घालून बटण दाबा. मग यादी दिसते का बघा, आणि काय दिसलं ते शब्दशः कळवा. दुसरं, दर वेळी तेच वाक्य येतं का तेही लिहा. मला ते नक्की हवं आहे.

आणि पेन्को मास्तर सांगतील, फॉरमॅट करून टाका. करू नका. यादी पुसली जाईल आणि वेशीवरचा तिथेच राहील.

तुमची
रालित्सा

*

कामेनेत्स, १७ जानेवारी

चि. रालित्सास आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. लिंत्सची फ्लॉपी घातली. यंत्र जागं झालं, 'झोप झाली का' विचारलं नाही. मला बरं वाटलं. मग यादी कुठे आहे म्हणून विचारलं, तर पडद्यावर आलं की अशी डिस्कच या यंत्रात नाही.

मी तीनदा विचारलं. तीनदा तेच. बटण बंद करून शेगडीपाशी बसलो. तिथे मिन्चो आजोबा बसलेले असतात, आमच्या गावचे गिरणीवाले, वय ब्याऐंशी. ते म्हणाले, "काय झालं? पुन्हा बुडालं का गाव?" घरी जाऊन केरा आजीने सांगितलेली नावं कागदावर उतरवायला बसलो. माझ्याच बोटांनी टाइप केलेली. चव्वेचाळीस आठवली. त्यातही बोरिसची बायको स्ताना की स्तामेना, याची खात्री नाही.

वाक्य दर वेळी तेच येतं. एक गोष्ट लक्षात आली, ती लिहितो. वीज जाऊन आली तरच ते येतं असं नाही. मी बटणाने सुरू केलं तरी येतं. म्हणजे त्याला अंधार कळत नाही, फक्त जागं होणं कळतं.

ही विचारायची वेळ नाही, तरी विचारतो. आपण तिथे आहोत हे त्याला कळतं का? त्याला काही हवं असतं का? की नुसतं बसायचं म्हणून बसला आहे?

तुझा
नायडेनकाका

*

सोफिया, २१ जानेवारी

काका,

पत्र वाचताच हे लिहिते आहे, बस सुटायच्या आत टाकायचं आहे. यादी आहे. गेलेली नाही.

हा व्हायरस इतरांपेक्षा लबाड आहे. कोणतं सामान कुठे आहे ते पहिल्या तुकड्यात लिहिलेलं असतं, आणि ती पाटी त्याने उचलून आपल्या भाषेत लिहून ठेवली आहे. तो जागा असला की कुणी विचारलं तर मुकाट्याने खरी पाटी वाचून दाखवतो, म्हणून तुम्हाला इतके दिवस सगळं ठीक दिसलं. तो नसला की पाटीच नाही, म्हणून डिस्कही नाही. त्याला नुसतं हाकलून चालणार नाही. आधी त्याच्याकडून वाट वाचून घ्यायची, मग त्याला काढायचं.

आता नीट ऐका. कॉम्प्युटर चालू करू नका. तो प्रत्येक जागं होणं मोजतो. एकशे अठ्ठाविसाव्या वेळी डिस्क पुसतो. तुम्ही बटण चालू ठेवून वीज येऊ देत होता, म्हणजे रोज दोन-तीनदा.

तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या गान्चो ड्रायव्हरबरोबर दोन फ्लॉप्या पाठवते आहे. पांढरीत औषध आहे, लाल रिकामी आहे. कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू करायचा. तो वाक्य विचारेल, विचारू दे. मग पांढरी घालून 'वाचव' टाइप करायचं. औषध सांगेल तेव्हा लाल घालायची, खरी पाटी तिच्यावर उतरेल. बंद करायचं. पुन्हा पांढरी घालून सुरू करायचं आणि 'परत' टाइप करायचं. झालं. एकूण दोनदाच जागं होणं, आणि दुसरं त्याच्या मोजणीत येत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: त्याला काही कळत नाही आणि काही हवं नसतं. हवं असतं ते त्याला लिहिणाऱ्या माणसाला.

रालित्सा

*

कामेनेत्स, २७ जानेवारी

चि. रालित्सास आशीर्वाद.

फ्लॉप्या शुक्रवारी पोचल्या. गान्चोने त्या कोटाच्या आत, छातीशी धरून आणल्या होत्या. गारठू नयेत म्हणून, असं म्हणाला.

तू लिहिलंस तसंच सगळं केलं. 'वाचव' झालं, लाल फ्लॉपीत काहीतरी उतरलं. बंद केलं. पांढरी घालून पुन्हा सुरू केलं. तर यंत्राने विचारलं, 'झोप झाली का?' मी तरी 'परत' टाइप केलं. औषधाने उत्तर दिलं, 'आत कुणीतरी आहे. थांबलो.' मीही थांबलो.

काय चुकलं याचा दोन दिवस विचार केला. एकच गोष्ट मी तुझ्या सांगण्यावाचून केली, ती लिहितो. पांढऱ्या फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक लहानशी खिडकी आहे, सरकत्या झडपेची. ती उघडी राहिलेली दिसली. जानेवारीचा महिना, त्यात आजाऱ्याचं काम. आजाऱ्याच्या खोलीची खिडकी उघडी ठेवून वाऱ्याचा झोत कुणी येऊ देतं का? मी नखाने झडप सरकवून बंद केली. मिन्चो आजोबा म्हणाले, "या सोफियावाल्यांना वाऱ्याचं भानच नाही. म्हणून तर सगळे खोकतात." खिडकी बंद करण्यात चूक झाली असेल असं मला वाटत नाही, पण दुसरं काही सापडत नाही.

वाचनघराच्या रोजच्या नोंदी काढून मोजलं. ६ डिसेंबरपासून, म्हणजे वाक्य पहिल्यांदा आलं त्या दिवसापासून, एकशे एकवीस ते एकशे सव्वीसच्या मधे कुठेतरी आहोत. यापेक्षा नेमकं सांगता येत नाही.

आणि एक विचारतो. तू एकशे अठ्ठावीस म्हणालीस. शंभर नाही, दीडशे नाही. हे कुणी मोजलं? मोजायचं तर कुणाची तरी डिस्क त्यात पुसली गेली असेल. तेरा दिवस उरले आहेत.

नायडेनकाका

*

सोफिया, ३१ जानेवारी

प्रिय काका,

तुमचं पत्र मी टेबलावर वाचलं आणि आधी हसले, मग बाहेर जाऊन उभी राहिले.

ती खिडकी उघडी असते तेव्हाच फ्लॉपीवर कुणी काही लिहू शकत नाही. बंद केली की दार उघडलं. उलटं आहे, मान्य आहे. ज्यांनी ते ठरवलं त्यांच्या घरी खिडकी लाव म्हणून ओरडणारी आजी नसणार. तुम्ही झडप सरकवली आणि वेशीवरचा तो तत्काळ पांढरीत जाऊन बसला. चूक माझी आहे. गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात आई येऊन बसली होती, तिने तीन टेबलांवरच्या फ्लॉप्यांच्या खिडक्या लावून टाकल्या होत्या. मला सुचायला हवं होतं.

आता कॉम्प्युटरला हातही लावू नका. पत्राने हे काम होणार नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर यासेन म्हणून एक जण काम करतो. तो शुक्रवारी, ८ तारखेला, गान्चोच्या बसने येईल. त्याआधी सुटी मिळत नाही. त्याला जेवू घाला.

कुणी मोजलं ते मी या पत्रात लिहीत नाही, रागावू नका. आणि पेन्को मास्तरांशी बोला, काका. त्यांचा खेळ नव्हता तो.

रालित्सा

*

कामेनेत्स, १० फेब्रुवारी

चि. रालित्सास अनेक आशीर्वाद.

काल मृतांचा शनिवार झाला. सगळं क्रमाने लिहितो.

यासेन शुक्रवारी दुपारी आला. उंच, वाळलेला, टोपी नाही. मी आधी त्याला माझी लोकरी टोपी दिली, मग फरसबीचं सूप. सूप त्याने उभ्यानेच प्यायलं. वीज चारला येणार होती. मिन्चो आजोबा शेगडीपाशी होते. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हा डॉक्टर? याने हात तरी धुतलेत का?" यासेनने खरोखरच जाऊन हात धुतले.

चारला वीज आली. त्याने बटण दाबलं. 'झोप झाली का?' आलं आणि तो पडद्याकडे न बघता खिडकीकडे बघत राहिला, ती ओळ जाईपर्यंत. मग कामाला लागला. तू मला कागदावर पायऱ्या लिहून दिल्या होत्यास. त्याच्याकडे कागद नव्हता. एक फ्लॉपी काढून दुसरी घालताना हात चाचपडत नव्हता. आपल्या घरात माणूस दिव्यावाचून वावरतो, उंबरा कुठे आहे ते पायाला माहीत असतं, तसा तो त्या आकड्यांतून जात होता. एका जागी थांबला, बोट ठेवलं आणि म्हणाला, "एकशे सत्तावीस."

मी म्हटलं, "म्हणजे पुढच्या वेळी?"

"हो."

"यासेन, हे घर तू बांधलं आहेस का?"

त्याने पडद्यावरचं बोट काढलं. मग म्हणाला, "मीच. दोन वर्षांपूर्वी. जमतं का ते बघायचं होतं." तो पुढे म्हणाला, "आमच्याकडे यंत्रं होती आणि त्यांच्यावर करायला काही काम नव्हतं. यंत्रात कुणाचं काही असेल असं मला वाटलंच नाही. आमच्यात नव्हतं. रालित्साने तुम्हाला संत निकोलासच्या दिवशी, ६ डिसेंबरला, आपली अक्षरं पडद्यावर उमटवणारी फ्लॉपी पाठवली होती ना, ती माझ्या टेबलावरून गेली."

"काय म्हणतो तो?" मिन्चो आजोबांनी विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं.

"म्हणतो, हा आजारही त्याचाच."

"मग बरं झालं. दुसरा वैद्य शोधायला नको."

पाच वाजून चाळीस मिनिटांनी त्याने यंत्र बंद केलं, स्वच्छ फ्लॉपीने सुरू केलं आणि जुना जाणता परत वेशीवर आणून बसवला. मग फ्लॉपी काढली आणि म्हणाला, "आता तुम्ही करा." मी छातीवर क्रॉसची खूण केली आणि बटण दाबलं. यंत्र काही न विचारता जागं झालं. यादी होती.

पण सगळी नाही. व्हायरसने त्या जाणत्याला डिस्कवर ज्या अंगणात नेऊन ठेवलं होतं, ती जागा रिकामी असते असं यासेनने लिहिताना धरलं होतं. आमच्या यंत्रात ती रिकामी नव्हती. यादीला मी क्रमांक देत गेलो होतो, म्हणून नेमकं कळलं. ६०८ ते ६१८. अकरा ओळींच्या जागी चौकोन आणि कसलीतरी चिन्हं. केरा आजीची नावं. यासेनने वीज जाईपर्यंत त्या चिन्हांत शोधलं. रात्री आठला वीज परत आल्यावर आम्ही माझी चव्वेचाळीस नावं पडद्यावरच्या यादीशी ताडून पाहिली. ती सगळी यादीत दुसरीकडे सापडली, या अकरांपैकी त्यात एकही नव्हतं.

पहाटेच्या विजेत पेन्को मास्तर आले. मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "नंतर. आधी नावं सांग." मी पडद्यावरून वाचत गेलो आणि मास्तर, यासेन आणि शाळेतल्या दोन शिक्षिका यांनी वाटून लिहून घेतली.

धरणाच्या काठाशी बर्फ होतं. आम्ही चाळीसेक जण होतो. फादर सावांना मी आधीच सांगितलं, सहाशे सातनंतर अकरा नावं नाहीत. ते म्हणाले, "प्रार्थनेत आहेच की, 'आणि ज्यांची नावं, प्रभो, तुलाच ठाऊक आहेत.' एकदा म्हटलं की सगळे आले." मी म्हटलं, "फादर, ते अकरा जण होते. केराने एकेकाचं सांगितलं होतं. अकरा वेळा म्हणा." थंडी फार होती आणि अजून पाचशेच्या वर नावं होती. पण त्यांनी म्हटलं, अकरा वेळा, दर वेळी थांबून, आणि दर वेळी मिन्चो आजोबांनी पाण्यात थोडी वाईन सोडली. यासेन माझ्या शेजारी होता. तो बोटांवर मोजत होता. दहा बोटं संपल्यावर पुढचं कशावर मोजावं ते त्याला कळलं नाही.

तो त्याच संध्याकाळच्या बसने गेला. जाताना केरा आजीचं कोण कोण आहे ते विचारलं. मी तिच्या चुलतभावाचा जुना पत्ता दिला. तो माणूस हयात आहे का, ते मला माहीत नाही.

तू मला आधी सांगितलं नाहीस याचा राग आला होता. काठावर उभा असताना तो होता, नंतर शोधला तर सापडला नाही.

तुझा
नायडेनकाका

*

प्लोवदिव, २४ मार्च १९९१

आदरणीय नायडेनकाका,

रालित्सा म्हणाली, तूच लिही. म्हणून लिहितो.

तुम्ही दिलेल्या पत्त्यावर कुणी नव्हतं. शेजाऱ्यांनी वृद्धाश्रमाचं नाव सांगितलं. केरा आजींचे चुलतभाऊ दोब्री तिथे आहेत, वय चौऱ्याऐंशी. दिसत नाही, पण बाकी ठीक आहेत. हा माझा तिसरा रविवार. पहिल्या रविवारी त्यांनी मला महसूल खात्याचा समजून हाकलून दिलं. दुसऱ्या रविवारी मी ६०७ पर्यंतची केरा आजींची नावं त्यांना वाचून दाखवली. ते मधेच म्हणाले, "आता ती ओढ्यापलीकडे जाणार." आज विचारल्यावर सांगितलं. केरा घरांच्या क्रमानेच सांगत असणार, आणि सहाशे सातवं नाव ज्या घरातलं, ते पुलाच्या अलीकडचं शेवटचं घर.

पलीकडची नावं अशी:

राडोय, पिंपं बनवणारा.
त्साना, त्याची बायको.
कोल्यू, युद्धातून परत न आलेला.
झ्लाता, त्याची आई.
दुसरा कोल्यू, लंगडा.
अतानास, मेंढ्यांवाला.
मारा, जिच्या अंगावर विहिरीपाशी वीज पडली.

ही सात. पुढच्या तिघांचं त्यांना घर आठवतं, माणसं आठवत नाहीत. त्या घरातली एक मुलगी स्लिवेनला दिली होती, तिचा पत्ता मिळाला आहे. गुरुवारी जातो.

आणि एक मुलगी, राडोय आणि त्सानाची. तीन आठवड्यांची गेली. बाप्तिस्मा व्हायचा होता, नाव ठेवायचं राहून गेलं. मी म्हटलं, मग ती यादीत नसेल. दोब्री आजोबा म्हणाले, "असणार. केरा तेव्हा दहा वर्षांची होती, दिवसभर त्या पोरीला मांडीवर घेऊन बसायची. तिने तिला काहीतरी नाव ठेवलं होतं. आम्हाला कुणाला सांगायची नाही."

ते नाव केरा आजींनी तुमच्याशिवाय कुणाला सांगितलं नसणार, काका, आणि नोव्हेंबरनंतर ते फक्त त्या ओळीत होतं. ६०८ ते ६१८ पैकी कोणती ते मला माहीत नाही. मी ते चिन्हांचे तुकडे फ्लॉपीवर उतरवून आणले आहेत आणि रोज एक तास बघतो. मीच लिहिलेलं आहे ते सगळं. अजून त्यात एकही अक्षर ओळखू आलेलं नाही.

तुमचा
यासेन